चासीवरील अनोळखी मूळ भागांची ओळख

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीची बॉडी आणि इंजिन उतरवले की चासीवर काही ब्रॅकेट, खुंटे आणि रिकामी भोके उरतात. ती कारखान्याची की नंतर कुणा मिस्त्रीने केलेली, आणि कारखान्याची असतील तर कशासाठी, हे ठरवण्याची ही रीत. सातारा-सांगली भागात हा प्रश्न बहुधा विलीज या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातल्या जीपबाबत येतो. महिंद्राने 1947 मध्ये या गाड्यांची जुळणी भारतात सुरू केली. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपही पुढे नागरी वापरात आल्या. मग पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल आले, वडापसाठी (प्रवासी वाहतुकीसाठी) मागे बाक वाढले, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढले. एकाच चासीवर तीन-चार मालकांच्या गरजा चढलेल्या असतात.

पहिली खूण जोडाची. कारखान्यात मुख्य जोड प्रामुख्याने रिव्हेटने बसवत. गावातल्या गॅरेजात सहसा वेल्डिंग किंवा नटबोल्ट. मात्र वेल्डिंग दिसले की भाग परका, असे म्हणणे घाईचे, कारण काही वेल्डिंग कारखान्यातलेही असते. भोकांवर जास्त भरवसा ठेवावा. कारखान्यात डायवर (साच्यावर) पाडलेले भोक गोल, स्वच्छ कडेचे असते आणि बहुधा समोरच्या चॅनेलवर (चासीच्या लांब बाजूच्या तुळईवर) त्याचा जोडीदार सापडतो. गॅसने पाडलेल्या भोकाची कड वितळलेली असते. पाहण्याआधी तारेचा ब्रश आणि रॉकेल मारलेच पाहिजे. महाबळेश्वर, पाटणच्या पावसात राहिलेल्या चासीत दोन पत्र्यांमधला गंज फुगून रिव्हेटची डोकी उडवतो आणि ही खूणच जाते. जत, आटपाडीच्या कोरड्या हवेतल्या चासी वाचायला सोप्या.

जोडीदाराच्या नियमाला एक प्रसिद्ध अपवाद आहे. लष्करी जीपच्या पुढच्या डाव्या पाट्याखाली एक आखूड जादा पाटा असतो, उजवीकडे नसतो. एक्सलवर येणारा पीळ सावरण्यासाठी तो मुद्दाम दिलेला आहे. पण एकाच बाजूला दिसतो म्हणून कुणीतरी नंतर घातला असे समजून तो काढून टाकला जातो, आणि त्याची बैठक मात्र कोडे बनून मागे राहते.

पुढच्या आडव्या मेंबरच्या (दोन चॅनेल जोडणाऱ्या तुळईच्या) मध्यावरचा उभा खुंटा असाच. मूळ स्टिअरिंगमध्ये स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा या खुंट्यावरच्या बेलक्रँकला (ओढीची दिशा बदलणाऱ्या तरफेला) फिरवतो आणि तिथून दोन्ही चाकांना ओढ मिळते. नव्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स बसवला की बेलक्रँक निघतो आणि खुंटा नुसता उभा राहतो. मूळ गाडी डाव्या स्टिअरिंगची असेल, तर डाव्या चॅनेलवर बॉक्सची भोकेही रिकामी सापडतात.

शेतीचा भाग म्हणून पीटीओची (इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या जोडणीची) खूण इथे आवर्जून शोधावी. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे गोल झाकण असते. ते काढून पीटीओ जोडता येतो, आणि त्याचा शाफ्ट मागच्या मेंबरपर्यंत नेऊन यंत्रे चालवता येतात. युद्धानंतर 1945 मध्ये आलेली सीजे-2ए ही विलीजची नागरी जीप शेतकऱ्यांसाठी म्हणूनच विकली जाई. म्हणून मागच्या मेंबरच्या मध्यावरची भोके केवळ ओढण्याच्या हुकाची धरू नयेत. इंजिनाचे फेरे बांधून ठेवणारा, पट्ट्यावर चालणारा गव्हर्नर हे त्याच संचाचे आणखी एक अंग. इंजिन बदलले की तो सर्वांत आधी भंगारात जातो.

युद्धकाळात फोर्डनेही हीच जीप बनवली. त्या काळातली चासी विलीजची की फोर्डची, हे पुढच्या मेंबरवरून क्षणात कळते: विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. फोर्डच्या बोल्टवर आणि अनेक सुट्या भागांवर इंग्रजी एफ अक्षर ठोकलेले असते. भाग मात्र एकमेकांत बसत असल्याने सुट्या बोल्टवरून चासीचा निवाडा करू नये. डाव्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात. ते सुलटे समजून पाना लावणारे बोल्ट तोडतात.

चासी क्रमांक फोर्डने डाव्या चॅनेलच्या वरच्या अंगावर, इंजिनाच्या फाउंडेशनजवळ (बैठकीजवळ) ठोकला आहे. विलीजने तो बंपरच्या मागे, डाव्या चॅनेलच्या आतल्या बाजूला रिव्हेटने मारलेल्या पट्टीवर दिला. पट्टी गळून गेली असली तरी रिव्हेटची बारीक भोके उरतात. डाव्या चॅनेलच्या या दोन जागा पाहण्याआधी तिथे ग्राइंडर लावू नये.