झोपवा पाठीवरच, पण डोक्याची बाजू बदला

बाळाचं डोकं वरून बघायची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. आपण समोरून बघतो, नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं ते ठरवतो. डोक्याचा मागचा चपटेपणा त्यात सुटून जातो. आंघोळीनंतर केस ओले असताना बाळाला मांडीवर बसतं धरा, मानेला आधार द्या आणि डोक्याकडे बरोबर वरून पाहा. एका बाजूला मागे सपाट झालं असेल, तर लगेच दिसतं. त्याच बाजूचा कान थोडा पुढे सरकलेला असतो, आणि चपटेपणा जास्त असेल तर त्या बाजूचं कपाळही जरा पुढे आलेलं असतं. काही बाळांचं डोकं मागून सरळ, पाटीसारखं सपाट होतं आणि त्यामुळे रुंद दिसतं. डॉक्टर पहिल्या प्रकाराला प्लेजिओसेफली म्हणतात, दुसऱ्याला ब्रॅकिसेफली. दोन्हींचं नेहमीचं कारण एकच: डोकं रोज तासन् तास एकाच जागी टेकलेलं असणं.

नाशिकची थंडी बोचरी, निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात बातमीत असतो. डिसेंबर-जानेवारीत जन्मलेलं बाळ दिवसभर दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला टोपरं, वरून कुंची. ऊब हवीच. पण गच्च गुंडाळलेलं बाळ फारसं हलत नाही आणि त्याचं उघडं डोकंही कुणाच्या नजरेस पडत नाही. मग टोपरं सुटतं तेव्हा एकदम कुणाच्या तरी लक्षात येतं आणि पहिला प्रश्न आईला विचारला जातो, ‘तू लक्ष दिलं नाहीस का?’ हा प्रश्न अन्यायाचा आहे, कारण यात हलगर्जीपणापेक्षा कवटीच्या वाढीचा संबंध जास्त आहे.

जन्माच्या वेळी कवटी एकसंध नसते. पातळ, लवचिक हाडांचे तुकडे असतात, त्यांच्यामध्ये शिवणी असतात, आणि शिवणी जिथे एकमेकींना मिळतात तिथे टाळू. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण १२ ते १८ महिन्यांत. ही रचना दोन कामांसाठी आहे. बाळंतपणात हाडं एकमेकांवर सरकून डोकं बाहेर येऊ शकतं, आणि नंतर मेंदूला वाढायला जागा मिळते. ही वाढ प्रचंड वेगाची असते. जन्मतः डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला जवळजवळ २ सेंटिमीटरनं वाढतो आणि पहिल्या वाढदिवसाला ४६ सेंटिमीटरच्या जवळ पोहोचतो. आतून वाढणारा मेंदू हाडांना बाहेर ढकलत असतो. ज्या जागी गादी अडवते तिथे हाड पुढे सरकत नाही, वाढ दुसऱ्या बाजूंना वळते. वेलीवरचा लाल भोपळा जमिनीला टेकतो तिथे चपटा राहतो आणि बाकी अंगानं फुगतो, तसंच हे. मेंदू दाबला जात नाही आणि त्याचं आकारमानही कमी होत नाही.

चपटं डोकं आता जास्त दिसतं, त्यामागे एक चांगली गोष्ट आहे. पालथं झोपवलेल्या तान्ह्या बाळांमध्ये झोपेत अचानक होणारे मृत्यू जास्त असतात, हे स्पष्ट झाल्यावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये सांगितलं की बाळाला पालथं झोपवू नका. १९९४ पासून तिथे पाठीवर झोपवण्याची देशव्यापी मोहीम चालली आणि असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्याच दशकात तिथल्या दवाखान्यांत चपट्या डोक्याची बाळं वाढली. म्हणून ‘डोकं गोल राहील, पालथं झोपव’ हा सल्ला कुणीही दिला तरी मानू नका. डोक्याचा आकार सुधारता येतो. झोपताना, रात्री असो वा दुपारी, बाळ पाठीवरच हवं.

किती बाळांना हे होतं? कॅनडातल्या कॅलगरी शहरात ७ ते १२ आठवड्यांची ४४० बाळं तपासली, तर ४६.६ टक्के बाळांत थोडाफार चपटेपणा सापडला. बहुतेकांत तो सौम्य होता आणि उजवीकडे जास्त होता, जे समजण्यासारखं आहे. नवजात बाळांचा कल मुळातच उजवीकडे मान वळवण्याकडे जास्त असतो. न्यूझीलंडमध्ये २०० बाळांचा दोन वर्षं पाठपुरावा केला गेला. त्यात ६ आठवड्यांना १६ टक्के, ४ महिन्यांना १९.७ टक्के, ८ महिन्यांना ९.२ टक्के आणि २ वर्षांना ३.३ टक्के बाळांचं डोकं चपटं आढळलं. दोन्ही अभ्यासांत मोजायच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. न्यूझीलंडच्या आकड्यांचा उतार मात्र पालकांनी नीट बघावा. चौथ्या महिन्यापर्यंत चढ, मग बाळ मान सावरू लागतं, कुशीवर वळतं, बसतं, आणि उतार सुरू होतो. थांबवण्याची खरी संधी म्हणूनच पहिल्या तीन-चार महिन्यांत असते. मुदतीआधी जन्मलेली बाळं, जुळी, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेली बाळंतपणं आणि पहिलटकरणीची बाळं यांच्यात हे जास्त दिसतं.

आता मोहरीची उशी. सिन्नरची आजी असो वा पंचवटीतली, नातवासाठी मऊ सुती कापडाची ही उशी ती प्रेमानं शिवते. मोहरीचे दाणे डोक्याभोवती सरकतात आणि दाब पसरतो, हा त्यामागचा विचार चुकीचा नाही. पण तिनं डोकं गोल होतं याचा भक्कम पुरावा नाही. शिवाय उशीत खळगा पडला की डोकं त्यातच अडकून बसतं आणि मान वळायची थांबते, म्हणजे हवं त्याच्या उलट. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ कुठलीही उशी गुदमरण्याचा धोका वाढवते, आणि शिवण उसवली तर दाणे नाकाकानात जाऊ शकतात. डोक्याला आकार देणाऱ्या उश्या बाळांसाठी वापरू नका, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये दिला. दुकानात मिळणारी भोकाची फोमची उशीही त्यातच येते. पहिलं वर्षभर बाळाच्या झोपेत उशी नको. आजीला वाईट वाटेल, तरी हे सांगायला हवं.

तेल लावताना डोकं चारी बाजूंनी दाबून ‘गोल करणं’ हेही थांबवायला हवं. बाळंतपणात लांबट झालेलं डोकं बहुधा काही आठवड्यांत आपोआप आकाराला येतं आणि श्रेय दाबणाऱ्या हातांना जातं. हातानं चेपून कवटी घडत नाही. टाळूवर हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, दाब मात्र कुठेच नको.

त्याच आंघोळीतली एक रीत मात्र सोन्यासारखी आहे. आंघोळ घालणारी मावशी पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथं घालते आणि पाठीला तेल लावते. त्या वेळात बाळ मान उचलायचा प्रयत्न करतं, खांदे आणि पाठ कामाला लागतात, आणि डोक्याच्या मागच्या बाजूवरचा भार पूर्ण उतरतो. बालरोगतज्ज्ञ जागेपणी बाळाला पालथं ठेवा असं सांगतात, ते हेच. फक्त आंघोळीपुरतं ते पुरत नाही. घरी आल्यापासून दिवसातून दोन-तीनदा तीन ते पाच मिनिटं सुरुवात करावी, हळूहळू वाढवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार अजून रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं. सतरंजीवर रडत असेल तर आई-बाबांच्या छातीवर ठेवा, तेही धरलं जातं. मोठं माणूस समोर हवं, आणि बाळाचा डोळा लागला की लगेच उताणं करायचं.

दुसरी गोष्ट बाजू बदलण्याची. बाळ उजेडाकडे, दाराकडे, आवाजाकडे मान वळवतं. सिडको-इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये पलंग एका भिंतीला लागलेला असतो, बाळ भिंतीकडे आणि आई दुसऱ्या अंगाला. मग बाळ रोज आईकडेच तोंड करून झोपणार. एक दिवस डोकं उशाकडे आणि एक दिवस पायथ्याकडे ठेवलं, की आईकडे बघताना मान आपोआप दुसऱ्या बाजूला वळते. चिमणाळं पाळण्याच्या मधोमध टांगलेलं असतं. जी बाजू चपटी झालीय तिच्या विरुद्ध अंगाला ते सरकवा. बाळाला कडेवर घेण्याची आणि बाटलीनं पाजत असाल तर पाजण्याची बाजूही बदलत राहा. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या आईचं बाळ झाडाच्या सावलीत झोळीत असतं. झोळीत अंग वाकतं, हनुवटी छातीला टेकू शकते आणि मान वळायला जागा नसते, म्हणून कुणाची तरी नजर सतत हवी, आणि जेवणाच्या सुट्टीत बाळ खांद्यावर घेतलं पाहिजे. घरी रॉकर किंवा गाडीतली सीट असेल, तर जागेपणाचे तास त्यात घालवू नयेत. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया बाळाला फडक्यानं अंगाशी बांधून कामं करतात. अंगाशी असलेल्या बाळाच्या डोक्याला गादी टेकतच नाही. नाक-तोंड उघडं आणि मान सरळ राहील एवढं बघून शहरातल्या घरांनीही ते करावं.

एवढं करूनही बाळ दुसरीकडे मान वळवतच नसेल, तर प्रश्न मानेचा असू शकतो. कानामागून छातीच्या हाडापर्यंत जाणारा एक स्नायू काही बाळांत एका बाजूला आखडलेला असतो. डोकं एका खांद्याकडे कललेलं आणि हनुवटी दुसऱ्या खांद्याकडे, अशी ठेवण दिसते. कधी मानेत सुपारीएवढी गाठही लागते. इथे वाट बघू नये. फिजिओथेरपिस्ट ताणाचे व्यायाम शिकवतात, ते आईनं लंगोट बदलताना दिवसातून अनेकदा करायचे. पहिल्या महिन्यात सुरुवात झाली तर मान लवकर मोकळी होते, सहा महिन्यांनंतर सुरू केलं तर बरेच महिने लागतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून मान ओढू नका, एकदा हातानं शिकून घ्या.

क्वचित चपटेपणामागचं कारण वेगळंच असतं. साधारण २००० ते २५०० बाळांत एकाची एखादी शिवण वेळेआधीच जुळलेली असते. त्यातही मागची शिवण जुळणं फार दुर्मीळ. अशा बाळाचा चपट्या बाजूचा कान पुढे जाण्याऐवजी बहुधा मागे-खाली गेलेला असतो, शिवणीवर बोट फिरवलं की कंगोरा लागतो, आणि आकार जन्मापासून तसाच असतो. डोक्याचा घेर वाढत नसेल किंवा टाळू फुगलेली असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जावं. शिवणीच्या दोषावर शस्त्रक्रिया असते आणि ती बहुधा पहिल्या वर्षातच करतात.

हेल्मेटबद्दल पालक फार विचारतात. बाळाच्या मापाचं हे कवच फुगीर भागाला टेकतं, चपट्या भागापाशी जागा मोकळी ठेवतं, आणि वाढ तिकडे वळते. दिवसाचे २३ तास, काही महिने घालावं लागतं. नेदरलँड्समधल्या २०१४ च्या चाचणीत मध्यम ते तीव्र चपटेपणाची ८४ बाळं होती. दोन वर्षांची झाल्यावर पाहिलं तर हेल्मेटवाल्या गटात २५.६ टक्के आणि नुसत्या नैसर्गिक वाढीवर सोडलेल्या गटात २२.५ टक्के बाळं पूर्ण बरी होती, म्हणजे जवळजवळ सारखीच. हेल्मेट घातलेल्या प्रत्येक बाळाच्या पालकांनी काही ना काही त्रास नोंदवला: त्वचा लाल होणं, घाम, वास, मुलाला नीट कुशीत घेता न येणं. फार तीव्र चपटेपणाची बाळं त्या चाचणीत नव्हती, म्हणून तशा बाळांसाठी तज्ज्ञ आजही हेल्मेट सुचवतात, आणि ते चौथ्या महिन्यानंतर लवकर सुरू केलं तरच उपयोगी पडतं. सौम्य चपटेपणासाठी एप्रिल-मे मधल्या नाशिकच्या उन्हात बाळाला ते घालायला लावणं मला पटत नाही.

काही अभ्यासांत चपट्या डोक्याची बाळं मान धरणं, बसणं यात थोडी मागे दिसली आहेत. चपटेपणानं ती मागे पडली असं त्यावरून म्हणता येत नाही. ज्या बाळाचे स्नायू ढिले असतात ते हलतच कमी, आणि मग डोकंही चपटं होतं. तेव्हा डोक्याबरोबर बाळाच्या हालचालींकडेही बघितलं जावं.

तपासणीची संधी घरच्या घरीही येते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, आणि लसीकरणाला ६, १० आणि १४ आठवड्यांना जायचंच असतं. सुईच्या आधी, बाळ शांत असताना टोपरं काढा आणि विचारा: डोकं वरून कसं दिसतंय, आणि मान दोन्हीकडे सारखी वळतेय का?