घरासाठी स्लेटची फरशी निवडताना

एकच लादी पाहून स्लेट पसंत करू नका. ग्राहकांना आम्ही सर्वांत आधी हेच सांगतो. स्लेट खाणीतून येते, त्यामुळे एकाच खोक्यात एक लादी करडी, दुसरी हिरवट आणि तिसरीवर तांबूस पट्टा असा प्रकार असतो. निदान दहा-बारा लाद्या जमिनीवर पसरायला सांगा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. मग त्यांवर पाणी शिंपडा. रंग बराच गडद होईल. तो ओला रंगच आवडला असेल तर तसे आधी सांगा, कारण रंग खुलवणारा वेगळा सीलर (दगडात पाणी आणि डाग मुरू नयेत म्हणून लावायचा द्रव) मिळतो. साध्या सीलरने लादी कोरडीच दिसते.

स्लेटचा काळा-करडा रंग कार्बनमुळे, हिरवा क्लोराइट या खनिजामुळे आणि लाल-जांभळा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. हे रंग सहसा टिकतात. सोनेरी चमकणारे कण दिसले तर मात्र जरा थांबा. ते बहुधा पायराइटचे, म्हणजे लोह असलेल्या खनिजाचे, असतात आणि सतत पाणी लागले की गंजून तपकिरी ओघळ सोडतात. बैठकीच्या खोलीत अशी लादी चालेल, न्हाणीघरात आम्ही ती सुचवत नाही.

गाळापासून बनलेल्या खडकावर प्रचंड दाब आणि उष्णता आली, की त्यातली अभ्रकासारखी चपटी खनिजे एकाच दिशेला वळतात. म्हणूनच स्लेट छिन्नीने पातळ थरांत सुटते. दगड हलक्या प्रतीचा असेल तर हेच थर पुढे पायाखाली पापुद्र्यांसारखे निघू लागतात. नमुना घरी नेऊन तीन गोष्टी करून पाहा. लादी एका हातात मोकळी धरून बोटाच्या पेराने ठोका: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत भेग किंवा सुटलेला थर असू शकतो. मग लादी दोन बोटे खोल पाण्यात रात्रभर उभी ठेवा. सकाळी ओल पाण्याच्या रेषेच्या खूप वर चढलेली दिसली, तर दगड पाणी पितो. शेवटी मागच्या बाजूला व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर दगडात चुन्याचा अंश आहे आणि स्वयंपाकघरात लिंबू-चिंचेचे डाग त्यावर उठतील.

पृष्ठभाग दोन तऱ्हेचे मिळतात. नैसर्गिक खडबडीत लादीवर ओला पाय सहसा घसरत नाही, म्हणून न्हाणीघरासाठी आमची पसंती तिलाच. घासून सपाट केलेल्या लादीवर खुर्च्या-टेबल डगमगत नाहीत आणि पुसायलाही सोपे जाते. स्वयंपाकघरात हीच घ्या, खडबडीत लादीच्या खाचांत पीठ आणि तेल साचते.

जाडी एकसारखी हवी असेल तर मागची बाजू यंत्राने घासलेली, म्हणजे कॅलिब्रेटेड लादी मागा. तशी नसेल तर कारागिराला प्रत्येक लादीखाली मसाला कमी-जास्त करावा लागतो, वेळ लागतो आणि सांधेही रुंद ठेवावे लागतात. 10 मिमी जाडीच्या स्लेटचे वजन दर चौरस मीटरला 27-28 किलो भरते. वरच्या मजल्यावर, विशेषतः लाकडी जमिनीवर, बसवण्याआधी ती हा भार पेलेल का ते अभियंत्याला विचारा.

बसवताना तीन-चार खोकी एकदम उघडून लाद्या मिसळून लावायला सांगा, नाहीतर खोलीच्या एका कोपऱ्यात सगळा गडद रंग गोळा होतो. सीलरचा पहिला हात ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा मसाला, भरण्याआधीच द्यायला हवा. हे अनेकदा राहून जाते आणि मग ग्राउटची पांढुरकी झाक खडबडीत दगडात बसते, ती काढणे फार जिकिरीचे असते. दुसरा हात ग्राउट पूर्ण वाळल्यावर द्या. पुढे कधीतरी पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा न राहता दगडात जिरू लागला, की पुन्हा सीलर लावायची वेळ झाली.

रोजच्या पुसण्याला साधे पाणी किंवा सौम्य, आम्ल नसलेला क्लीनर पुरे. ॲसिड, व्हिनेगर आणि शौचालयाचे क्लीनर वापरू नका. सामानाच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवा, स्लेटवर ओरखडा पांढरा उठतो. सपाट लादीवरचा बारीक ओरखडा बऱ्याचदा तेलाच्या बोटाने मिटतो.

मोजमापापेक्षा 10 टक्के माल जास्त घ्या आणि उरलेल्या लाद्या टाकू नका. खाणीचा थर पुढे सरकला की रंग बदलतो आणि काही वर्षांनी फुटलेल्या लादीला जुळणारा दगड मिळेलच असे नाही.