कुंभदफन (ताम्रपाषाणयुगीन महाराष्ट्र)

मृत बालकाला मातीच्या दोन कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरण्याची प्रथा. जोर्वे संस्कृतीच्या (सु. इ. स. पू. १४००–७००) वसाहतींत, विशेषतः घोड नदीकाठचे इनामगाव (जि. पुणे) आणि प्रवरेकाठची नेवासे व दायमाबाद येथे ती आढळते. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान केलेल्या उत्खननात दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांत बालकांची बहुसंख्या आहे.

दफनाची पहिली खूण म्हणजे खड्डा. पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या) मातीत त्याची कड रंगापेक्षा पोतावरून लवकर कळते : भराव भुसभुशीत, भोवतालची माती चोपून बसलेली. पृष्ठभाग झाडून किंचित ओला केला की कड उठून दिसते. खड्डा कोणत्या थरातील घराच्या जमिनीतून खणला ते इथेच ठरते. ते निसटले तर नंतरचे दफन खालच्या, जुन्या थरात गणले जाते आणि पुढचा सगळा अर्थ चुकतो. कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावलेले असतात व मातीच्या भाराने वरची बाजू बहुधा दबलेली असते. म्हणून आधी रेखाटन, छायाचित्र व पातळीची नोंद. मग वरची खापरे क्रमांक घालून उचलायची आणि आतली माती बांबूच्या कामट्या व मऊ ब्रशने उतरवायची. धातूच्या हत्याराचा ओरखडा पुढे कापल्याची खूण म्हणून वाचला जाऊ शकतो. कुंभातील सर्व माती बारीक चाळणीने चाळतात, कारण जबड्यातून न फुटलेले दातांचे अंकुर एरवी हाती लागत नाहीत आणि बालकाचे वय ठरवण्यास तेच सर्वांत भरवशाचे. लिंग मात्र या वयात हाडांच्या आकारावरून खात्रीने सांगता येत नाही.

दोन कुंभ म्हणजे गर्भाशयाचे प्रतीक, असे काही अभ्यासक मानतात.

प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरत. इनामगावला त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. मृताने परत चालत येऊ नये म्हणून, हे स्पष्टीकरण रूढ आहे, पण ते अनुमानच होय. नडगीच्या खालच्या टोकावर कापल्याच्या खुणा आहेत का आणि खड्ड्याची पायाकडची कड अखंड आहे का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय ते स्वीकारू नये. नंतरच्या खणण्यानेही पावले नाहीशी होतात. चार पायांच्या कच्च्या मातीच्या कुंभात मांडी घालून बसवलेल्या प्रौढ पुरुषाची पावले शाबूत होती. तो वसाहतीचा प्रमुख असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे, कारण कुंभ एका मोठ्या घराच्या अंगणात होता.

मृतासोबत तोटीचे भांडे व वाडगा ठेवत. नेवाशाच्या एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत दोऱ्याचा तुकडा टिकला व त्यात रेशीम आणि कापूस असल्याचे तपासणीत आढळले. तांब्याचे क्षार असे तंतू कुजू देत नाहीत. म्हणून मणी जागेवर पुसू वा धुऊ नयेत, भोवतालच्या मातीसह उचलावेत.