वाचनालय वाढवायचे, तर विचारायचे कोणाला?

वस्तीतल्या सार्वजनिक वाचनालयाला जागा पुरेनाशी झाली की हल्ली आधी लोकांची मते मागवतात. फॉर्म भरून घेतात, बैठक बोलावतात, नकाशे भिंतीवर लावतात. याची आता इतकी सवय झाली आहे, की हा हक्क किती उशिरा मिळाला ते सहज विसरायला होते. सार्वजनिक ग्रंथालयांच्या पहिल्या शतकात लोकांना बहुधा एकच प्रश्न विचारला जायचा: खर्चाला तयार आहात का?

१८३३ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावाने सार्वजनिक पैशातून सर्वांसाठी मोफत ग्रंथालय चालवायचे ठरवले, तेही गावसभेत. ब्रिटनमध्ये १८५० साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तो दहा हजारांहून जास्त वस्तीच्या शहरांपुरता होता आणि ग्रंथालय काढायचे तर करदात्यांच्या मतदानात दोनतृतीयांश कौल मिळवावा लागे. कर पौंडामागे फक्त अर्धा पेनी. त्यातून इमारत उभारायची, नोकरांचे पगार द्यायचे, पण पुस्तके घ्यायला त्या कायद्यात परवानगीच नव्हती. ती देणग्यांतून मिळतील अशी अपेक्षा होती. १८५५ मध्ये कराची मर्यादा एक पेनी झाली आणि पुस्तकांवर खर्च करायलाही मुभा मिळाली. म्हणजे लोकांचे मत घेतले जात होते, पण होकार किंवा नकार एवढेच. जो कर भरत नव्हता, त्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेतले पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. त्यांची अट सरळ होती: जागा गावाने द्यायची आणि दरवर्षी देणगीच्या दहा टक्के रक्कम चालवण्यासाठी खर्च करायची. ही हमी नगरपालिका देई. वाचकाला कोपरा कसा हवा, उजेड कुठून हवा, हे विचारायची कुठे सोय नव्हती. १९११ पासून कार्नेगींचे सचिव जेम्स बर्ट्राम यांच्याकडून इमारतींबद्दल छापील सूचना जाऊ लागल्या. दिखाऊ खांब-कमानींवर पैसे घालवू नका, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता. तरीही यांतल्या बऱ्याच इमारतींचे दार उंच जोत्यावर राहिले. रस्त्यावरून आधी पायऱ्या चढायच्या, मग पुस्तके. काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला किंवा चाकांच्या खुर्चीतल्या वाचकाला ते दार बंद असल्यासारखेच. अमेरिकेत अपंग नागरिकांच्या हक्कांचा कायदा १९९० साली आला. त्यानंतर जुन्या ग्रंथालयांच्या कित्येक विस्तारांत रॅम्प आणि लिफ्ट हे पहिले काम ठरले. त्या पायऱ्या रोज ज्यांना अडवत होत्या, त्यांना बांधतानाच विचारले असते तर?

आतली मांडणीही अशीच वाचकाला दूर ठेवणारी होती. ब्रिटनमधल्या अनेक ग्रंथालयांत पुस्तके काउंटरच्या पलीकडे असत. समोर एक भलामोठा फलक, त्यात आकड्यांच्या चिमुकल्या पट्ट्या. आपल्याला हवे असलेले पुस्तक आत आहे की कोणी नेले आहे, हे पट्टीच्या रंगावरून ओळखायचे आणि कर्मचाऱ्याकडे मागायचे. १८९४ साली लंडनच्या क्लर्कनवेलमध्ये ग्रंथपाल जेम्स डफ ब्राउन यांनी देवघेव विभागातली कपाटे वाचकांना खुली केली. हा बदल फार मोठा होता, आणि त्याने जागेचे गणितही बदलले. माणसे कपाटांमधून फिरणार म्हणजे वाटा रुंद हव्यात, चाळत उभे राहायला मोकळीक हवी. १९३१ साली भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले पाचवे सांगते, की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. विस्ताराच्या प्रत्येक चर्चेत ते मला आठवते, कारण वाढ ही अडचण नाही, संस्थेचा स्वभावच आहे, हे त्यात गृहीत आहे.

नियोजनात रहिवाशांचा वाटा असावा, ही मागणी जोरात आली ती १९६० च्या दशकात. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये नियोजनातल्या लोकसहभागावर स्केफिंग्टन समितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत शेरी अर्न्स्टाइन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसते गुंडाळले जाते, मधल्या पायऱ्यांवर माहिती देतात, मत ऐकून घेतात, आणि वरच्या पायऱ्यांवर निर्णयाचा अधिकार खरोखर लोकांकडे जातो. वाचनालयाच्या बैठकीला जाताना ही शिडी डोक्यात ठेवावी. नकाशा पक्का झाल्यावर भिंतींचा रंग विचारणारी बैठक फार वर चढलेली नसते.

ग्रंथालयांच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅमलेट्सचे काम. तिथल्या कौन्सिलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाचनालयात न येणाऱ्यांनाही विचारले. बाजारहाट करता करता जाता येईल अशी जागा हवी आणि वेळ सोयीची हवी, असे लोकांनी सांगितले. त्यातून ‘आयडिया स्टोअर’ नावाची नव्या धर्तीची वाचनालये निघाली. पहिले २००२ मध्ये बो भागात सुरू झाले. फिनलंडची राजधानी हेलसिंकीने आणखी पुढचे पाऊल टाकले. ‘ऊदी’ हे मध्यवर्ती ग्रंथालय ५ डिसेंबर २०१८ ला उघडले, पण त्याच्या कितीतरी वर्षे आधी रहिवाशांच्या कल्पना गोळा झाल्या होत्या आणि १,००,००० युरो कोणत्या प्रायोगिक उपक्रमांवर खर्चायचे, हे ठरवण्यात लोकांना सहभागी करून घेतले होते. नावही लोकांनी सुचवलेल्या नावांतून निवडले.

तेव्हा आपल्या वस्तीतल्या विस्ताराची चर्चा सुरू झाली की आधी एवढे पाहावे: नकाशा अजून कोरा आहे का, आणि सभासद यादीबाहेरच्या किती जणांपर्यंत तो फॉर्म पोहोचला आहे.