पार्श्वभूमी: रेडिओ सिलोन आणि कोलंबोहून आलेली हिंदी गाणी

रेडिओ सिलोन हे सिलोन (आजच्या श्रीलंका) सरकारचे केंद्र होते, हे आपल्याकडे अनेकांच्या गावीही नसते. 'बिनाका गीतमाला' हा चित्रपटगीतांचा साप्ताहिक कार्यक्रम मुंबईचा, गाणी मुंबईची, निवेदक मुंबईचा, मग हे सगळे कोलंबोहून का यायचे?

कोलंबोत प्रसारण 1925 मध्येच सुरू झाले होते, पण त्याचा आवाज बेटापुरता होता. तो समुद्रापलीकडे गेला दुसऱ्या महायुद्धामुळे. दोस्त राष्ट्रांच्या दक्षिण-पूर्व आशिया कमांडचे मुख्यालय सिलोनमधल्या कँडीला आले आणि ब्रह्मदेशापर्यंत पसरलेल्या सैनिकांसाठी 'रेडिओ सीएक' (कमांडच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) सुरू झाला. त्यासाठी मागवलेला 100 किलोवॅटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर कोलंबोजवळच्या 'एकाला' या गावी उभा राहून चालू होईपर्यंत युद्धच संपले. गंमत अशी की सैनिक घरी गेले आणि यंत्र मागे राहिले. 1949 मध्ये ते स्वतंत्र सिलोनच्या हाती आले. एवढ्याशा बेटाला एवढा मोठा भोंगा! शॉर्टवेव्हचा आवाज वरच्या वातावरणावर आपटून शेकडो मैलांवर उतरतो. आवाज मध्येच बुडायचा, खरखर करत पुन्हा वर यायचा, पण भारतभर पोचायचा. क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याच्या हाताखाली जाहिरातींवर चालणारी सेवा 1950 मध्ये सुरू झाली.

यंत्र होते, श्रोते मात्र दिल्लीने पुरवले. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली आणि गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात ठरली. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. पण लोकांचा कान हुकूम काढून वळत नाही, आणि रेडिओची सुई तर एका बोटाने वळते.

ती वळली ती कोलंबोकडे. डिसेंबर 1952 मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता. टूथपेस्ट कंपनीचा पैसा, ध्वनिमुद्रण मुंबईत, आणि टेप विमानाने कोलंबोला. तेव्हा विशीतल्या निवेदक अमीन सयानींना या कामाचे आठवड्याला 25 रुपये मिळत. सुरुवातीला सात गाण्यांचा लोकप्रियतेनुसार क्रम श्रोत्यांनी लावायचा, अशी स्पर्धा होती. बघता बघता आठवड्याला 60 हजारांवर पत्रे येऊ लागली, आणि ती वाचणे सयानींच्याच गळ्यात. पुढे श्रोत्यांची स्पर्धा जाऊन गाण्यांचीच चढाओढ सुरू झाली, आणि 'पायदान' (क्रमवारीतली गाण्याची पायरी) हा शब्द घराघरात गेला.

सरकारला शहाणपण यायला पाच वर्षे लागली. ऑक्टोबर 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली, तरी जाहिरातींचा पैसा कोलंबोलाच जात राहिला. तो वळवायला आणखी दहा वर्षे गेली: 1 नोव्हेंबर 1967 पासून विविध भारतीवर जाहिराती आल्या, आणि त्याही आधी मुंबई, पुणे, नागपूरला. त्याच वर्षी कोलंबोत नभोवाणीच्या सरकारी खात्याचे महामंडळ झाले होते; 1972 मध्ये देशाबरोबर त्याच्याही नावात सिलोनच्या जागी श्रीलंका आले. गीतमाला 1989 मध्ये विविध भारतीवर आली.

तरी जुने श्रोते सकाळचा काटा कोलंबोवरच ठेवत. साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी लागायची आणि शेवटचे गाणे ठरलेले, कुंदनलाल सैगलचे. सैगल लागला की आठ वाजत आले.