ईझेड-यूएसबी एफएक्स२एलपी : बाह्य ईईप्रॉममध्ये फर्मवेअर भरणे

ज्या यूएसबी मायक्रोकंट्रोलरच्या पोटात कायमस्वरूपी स्मृती नसते, त्याचा प्रोग्रॅम (फर्मवेअर) शेजारच्या छोट्या ईईप्रॉम चिपमध्ये, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या आणि पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीत, लिहून ठेवण्याची ही पद्धत. या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ईझेड-यूएसबी कुळातील एफएक्स२एलपी, म्हणजेच सीवाय७सी६८०१३ए ही चिप. ईझेड-यूएसबीचा जन्म अँकर चिप्स या कंपनीत झाला. १९९९ मध्ये ती सायप्रस सेमीकंडक्टरने घेतली आणि २०२० मध्ये सायप्रस स्वतः इन्फिनिऑनमध्ये विलीन झाली. मालक बदलत गेले, पण चिप सुरू होण्याची रीत तीच राहिली.

एफएक्स२एलपीत ८०५१ जातीचा प्रोसेसर आहे. तो ४८ मेगाहर्ट्झपर्यंत चालतो आणि यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिट वेगाला जोडलेला असतो. प्रोग्रॅमसाठी आत १६ किलोबाइट रॅम आहे, फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी स्मृती, मात्र अजिबात नाही. केबल काढली की पाटी कोरी. म्हणून दर वेळी वीज मिळाल्यावर प्रोग्रॅम कुठून तरी आणावाच लागतो. तो संगणकाकडून केबलवाटे येतो किंवा आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या मार्गावर बसवलेल्या ईईप्रॉममधून.

वीज मिळताच चिपमधील हार्डवेअर, ८०५१ ला अजून रीसेटमध्ये, म्हणजे थांबवूनच धरून, ईईप्रॉम शोधते आणि तिचा पहिला बाइट वाचते. पुढचे सगळे या एका बाइटवर ठरते. तो सी० (हे बाइट सोळा-आधारी, म्हणजे हेक्स पद्धतीत लिहिले आहेत) असेल, तर चिप फक्त व्हेंडर आयडी (उत्पादकाचा क्रमांक), प्रॉडक्ट आयडी (उत्पादनाचा क्रमांक) आणि आवृत्ती क्रमांक उचलते. संगणक त्यावरून योग्य ड्रायव्हर निवडतो आणि ड्रायव्हर फर्मवेअर रॅममध्ये उतरवतो. पहिला बाइट सी२ असेल, तर संपूर्ण फर्मवेअर ईईप्रॉममधून रॅममध्ये येते आणि संगणकाच्या मदतीशिवाय चालू होते. ईईप्रॉम नसेल किंवा तिथे तिसरेच काही असेल, तर चिप आपल्या मूळ ओळखीने हजर होते : व्हेंडर ०४बी४, प्रॉडक्ट ८६१३. ही मूळ ओळख लक्षात ठेवावी, कारण काही बिघडले की तीच वाट सापडवून देते.

रॅममध्ये नवे फर्मवेअर आले की चिप यूएसबी जोडणीवरून विद्युतदृष्ट्या सुटते आणि नव्या ओळखीने पुन्हा जोडली जाते. केबलला कोणी हातही लावलेला नसतो, तरी संगणकाला वाटते की जुने उपकरण गेले आणि नवे आले. याला ‘रीन्यूमरेशन’ असे नाव आहे.

सी० की सी२ हा निर्णय सोयीचा नाही, उपकरणाच्या स्वभावाचा आहे. बाजारातले आठ वाहिन्यांचे स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर (डिजिटल सिग्नल नोंदवून दाखवणारी उपकरणे) बहुधा पहिल्या वर्गात मोडतात : त्यांच्यात २५६ बाइटची छोटी ईईप्रॉम असते, तिच्यात केवळ ओळख असते, आणि सिगरॉकसारखे सॉफ्टवेअर एफएक्स२एलएएफडब्ल्यू हे फर्मवेअर दर वेळी रॅममध्ये उतरवते. फर्मवेअर सुधारायचे झाले तर संगणकावरची एक फाइल बदलली की पुरे. उपकरण कोणत्याही संगणकाला लावल्याबरोबर चालायला हवे असेल, तर मात्र सी२ ला पर्याय नाही. प्रयोगाच्या टप्प्यावर ईईप्रॉमला हात न लावता रॅममध्येच काम करावे आणि फर्मवेअर पक्के झाल्यावरच ते कायम करावे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. रॅममधली चूक केबल काढली की जाते. ईईप्रॉममधली दर वेळी परत येते.

सी२ प्रकारच्या ईईप्रॉमची सुरुवात, म्हणजे शीर्षक, अशी दिसते : सी२ बी४ ०४ १३ ८६ ०० ०० ०१. पहिला बाइट प्रकार सांगतो. नंतर व्हेंडर आयडी, पण उलटा, म्हणजे आधी बी४ आणि मग ०४. प्रॉडक्ट आयडीही तसाच, मग आवृत्तीचे दोन बाइट. आठवा बाइट मांडणीचा आहे. त्यातील सर्वांत खालचा बिट १ केला, तर पुढचे वाचन १०० ऐवजी ४०० किलोहर्ट्झने होते. ८ किलोबाइट १०० किलोहर्ट्झने वाचायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, ४०० ने त्याचा चौथा हिस्सा. सी२ मध्ये शीर्षकातली ही ओळख क्वचितच कामाला येते, कारण फर्मवेअरने यूएसबीचा कारभार आपल्याकडे घेतला की ते स्वतःची ओळख सांगते.

शीर्षकानंतर फर्मवेअरचे तुकडे येतात. प्रत्येक तुकड्याआधी दोन बाइट लांबी आणि दोन बाइट पत्ता असतो. इथे क्रम सरळ आहे, वरचा बाइट आधी. ओळख उलटी आणि पत्ता सुलटा, या एका विसंगतीने अनेकांची संध्याकाळ खाल्ली आहे. हाताने फाइल बनवताना आधी हेच तपासावे. एका तुकड्यात जास्तीत जास्त १०२३ बाइट मावतात. शेवटचा तुकडा ठरलेला असतो : ८० ०१ ई६ ०० ००. लांबी (८० ही शेवटाची खूण सोडून) एक बाइट, पत्ता ई६००, मजकूर शून्य. ई६०० वर ८०५१ चा नियंत्रक रजिस्टर आहे आणि तिथे शून्य लिहिले की प्रोसेसर रीसेटमधून सुटून धावू लागतो. अख्ख्या फाइलीत मला हे पाच बाइट सर्वांत देखणे वाटतात : मजकूर संपल्याची खूण आणि चिपला जागे करणारी आज्ञा एकच. तयार प्रोग्रॅमच्या हेक्स फाइलीपासून ही मांडणी हेक्स२बिक्स हे साधन तयार करते.

ईईप्रॉम निवडताना आकारापेक्षा पत्त्याचे पाय जास्त फसवतात. २४एलसी०२ सारख्या लहान चिपला आतील जागा सांगायला एक बाइट लागतो, २४एलसी६४ किंवा २४एलसी१२८ ला दोन. बूट करणाऱ्या हार्डवेअरला समोरची चिप कोणती हे आपोआप कळत नाही. ते पायांच्या जोडणीवरून ठरवते : लहान चिपचे ए२, ए१, ए० हे तिन्ही पाय जमिनीला (ग्राउंडला), मोठ्या चिपचा ए० पाय विजेला आणि उरलेले दोन जमिनीला. मोठ्या चिपचे तिन्ही पाय जमिनीला जोडले, तर फर्मवेअर बिनचूक लिहिलेले असूनही चिपला ते सापडत नाही. आय-स्क्वेअर-सीच्या दोन्ही तारांवर पुल-अप रोध (तार विजेकडे ओढून ठेवणारे) हवेत, साधारण २.२ किलोओहमचे. ईईप्रॉम बसवली नसली तरी ते वगळू नयेत.

ईईप्रॉम लिहायला वेगळा प्रोग्रॅमर लागत नाही. एफएक्स२एलपी स्वतःच ती लिहिते, पण दोन टप्प्यांत. ए० (हा विनंतीचा हेक्स क्रमांक, वरचा पाय नव्हे) ही यूएसबी विनंती चिपचे हार्डवेअरच ओळखते, पण ती फक्त रॅमपर्यंत पोहोचते. म्हणून आधी ए० वापरून रॅममध्ये व्हेंड-एएक्स नावाचे छोटे फर्मवेअर उतरवतात. ते लहान ईईप्रॉमसाठी ए२ आणि मोठीसाठी ए९ या विनंत्या ऐकते, आणि आलेला मजकूर दोन तारांवरून लिहीत जाते. विंडोजवर सायप्रसचे यूएसबी कंट्रोल सेंटर हे दोन्ही टप्पे एका बटणामागे करते. लिनक्सवर एफएक्सलोड या साधनाला दुसऱ्या टप्प्याच्या लोडरची फाइल, फर्मवेअरची फाइल आणि मांडणीचा बाइट द्यावा लागतो. २४एलसी६४ मध्ये एका वेळी ३२ बाइटचे पान लिहिले जाते आणि त्याला जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे पूर्ण ८ किलोबाइटची २५६ पाने लिहिण्यात चिपचा स्वतःचा वेळ सव्वा सेकंदाच्या आसपास जातो. लिहून झाल्यावर परत वाचून पडताळावे, आणि मगच केबल काढून पुन्हा लावावी. ईईप्रॉम सुरुवातीलाच वाचली जाते, त्यामुळे नवे फर्मवेअर त्याशिवाय दिसत नाही.

चुकीचे सी२ फर्मवेअर बसले, तर बोर्ड संगणकाला दिसेनासे होते आणि नवख्या माणसाला चिप जळाली असे वाटते. ती जळालेली नसते. वीज मिळताच ती इमानेइतबारे तेच चुकीचे फर्मवेअर उचलते, एवढेच. उपाय म्हणजे सुरू होताना तिला ईईप्रॉम दिसू न देणे. बऱ्याच विकास-बोर्डांवर एसडीए (आय-स्क्वेअर-सीमधील माहितीच्या) तारेत एक जंपर (काढता-घालता येणारी छोटी जोडणी) असतो. तो काढून केबल लावायची. संगणकावर ०४बी४ : ८६१३ उमटले की बोर्ड चालूच ठेवून जंपर परत बसवायचा, मग व्हेंड-एएक्स उतरवून ईईप्रॉम नव्याने लिहायची. जंपर नसेल तर ईईप्रॉमचा एसडीए पाय सोल्डरिंग आयर्नने अलगद उचलतात आणि चिप सुरू झाल्यावर परत टेकवतात. स्वतःचा बोर्ड आखणाऱ्याने त्या तारेवर जंपरची जागा ठेवलीच पाहिजे. दोन छिद्रांची किंमत काहीच नाही.

विकायच्या उपकरणात ०४बी४ ही ओळख ठेवणे योग्य नाही, कारण तो क्रमांक सायप्रसला दिलेला आहे. उत्पादनासाठी व्हेंडर आयडी यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमकडून घ्यावा लागतो. ईईप्रॉमच्या सातव्या पायावर लेखनरोधाची सोय असते : तो जमिनीला जोडला तर लिहिता येते, विजेला जोडला तर मजकूर बंदिस्त होतो. कारखान्यात फर्मवेअर भरून झाले की हा पाय रोधामार्फत विजेकडे ओढून ठेवतात आणि शेजारी एक चाचणी-बिंदू सोडतात, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी तो तात्पुरता जमिनीला लावता येतो.