टेबलावरच्या स्पीकरसाठी अॅम्प्लिफायर किट : घेण्याआधी आणि जोडल्यावर काय तपासायचं

काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वॅटचं आहे?" मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतींसमोर कान तयार झालेल्या गावात हे होणारच. पण कॉम्प्युटरच्या दोन बाजूंना, कानापासून दोन-अडीच फुटांवर ठेवलेल्या स्पीकरला ताकद सहसा कमी पडत नाही. तिथं त्रास होतो तो गाणं थांबल्यावर ऐकू येणाऱ्या हमिंगचा आणि 'स्स्स' आवाजाचा. रात्री आवाज अगदी हळू ठेवला की एकाच बाजूचा स्पीकर वाजतो, त्याचाही. अॅम्प्लिफायर किट, म्हणजे स्वतः जोडून घ्यायचा अॅम्प्लिफायरचा बोर्ड आणि सुटे भाग, पारखायचं ते या गोष्टींवर. आमच्याकडची किटंही याच कसोटीवर घासून घ्या.

आधी स्पीकर बघा

ज्या स्पीकरला स्वतःची पिन, स्वतःचं व्हॉल्यूमचं बटण आहे, त्याच्या आत अॅम्प्लिफायर आधीच बसवलेला असतो. त्याला किट लागत नाही. किट लागतं ते मागे फक्त लाल-काळी टर्मिनलं असलेल्या साध्या स्पीकरला. मागची चिठ्ठी निघून गेली असेल तर मल्टिमीटर लावा. आठ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकर साधारण सहा-सात ओहम दाखवतो, चार ओहमचा तीन-साडेतीन. चार ओहमचा स्पीकर वाईट नव्हे, फक्त किटातल्या चिपवर, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या मुख्य भागावर, जवळपास दुप्पट उष्णतेचा भार येतो.

वॅटचा हिशेब

पुस्तकांच्या कपाटात मावणाऱ्या स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल धरू. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल. समोरासमोर बोलण्याचा आवाज ६० च्या आसपास असतो. खोलीत छान ऐकू येईल अशा ७५ डेसिबलला वॅटचा दहावा भागसुद्धा लागत नाही. तबल्याची थाप, ढोलकीचा तोडा अशा जागी आवाज सरासरीपेक्षा १५-२० डेसिबल वर उसळतो. तेवढ्यासाठी अडीच ते आठ वॅट पुरतात. वॅट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात. त्यामुळे २० वॅटवरून ४० वर गेल्याचा फरक कानापेक्षा खिशाला जास्त कळतो.

शिवाय वॅट बोर्डावर छापून येत नाहीत, ते सप्लायमधून येतात. '५०+५०' लिहिलेल्या, टीपीए ३११६ चिपच्या बोर्डाला १२ व्होल्ट २ अँपियरचा अॅडॅप्टर लावला, तर अॅडॅप्टरच मुळात २४ वॅटचा. आठ ओहमवर एका बाजूला स्वच्छ सात-साडेसात वॅट मिळतील. लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अॅडॅप्टर लावला तर वीसच्या आसपास. टेबलासाठी दोन्ही पुरे. खोक्यावर 'पीएमपीओ' (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) दिसलं तर तो आकडा वाचूच नका.

कोणतं किट कोणासाठी

पीएएम ८४०३ पाच व्होल्टवर चालतं, स्वस्त असतं आणि शाळेच्या प्रकल्पाला उत्तम. त्याचे छापील तीन वॅट चार ओहमवर आणि दहा टक्के विकृती (आवाजातला बिघाड) धरून मोजलेले आहेत, म्हणजे ऐकण्याजोगे त्याहून कमी. गाणं ऐकायला आम्ही ते सुचवत नाही.

२३० व्होल्टला हात लावायची धास्ती वाटत असेल तर टीपीए ३११६ घ्या. अॅडॅप्टर बाहेरच राहतो, गरम फारसं होत नाही. एक मात्र कायम लक्षात ठेवा : याच्या दोन्ही स्पीकर वायरी जिवंत असतात, काळीसुद्धा ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची सामाईक वायर) नसते. दोन स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र बांधल्या, किंवा त्यातली एक ग्राउंडला टेकवली, की चिप जाऊ शकते. हाच नियम पीएएम ८४०३ आणि टीडीए ७२९७ ला.

खरा नाद असेल, स्वतः ट्रान्सफॉर्मर लावून, हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) बसवून काही शिकायचं असेल, तर टीडीए २०३० किंवा एलएम १८७५. आमचं मत विचाराल तर एलएम १८७५. महाग आहे, पण व्होल्टेजची जास्त चढउतार सोसतं. टीडीए २०३० च्या नकली चिपा बाजारात भरपूर आहेत. फारच स्वस्त मिळाली तर संशय घ्यावा.

एलएम ३८८६ मागणारेही येतात. चिप सुरेख, पण तिच्या मापाचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक टेबलावर ठेवला तर माऊसला जागा उरत नाही.

ट्रान्सफॉर्मर

१२-०-१२ चा (मधल्या वायरीपासून दोन्हीकडे १२ व्होल्ट एसी देणारा) ट्रान्सफॉर्मर म्हणजे डीसी १२ व्होल्ट, असं समजू नका. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि कपॅसिटरनंतर ते १.४१ पट होऊन साधारण अधिक-उणे १६ व्होल्ट मिळतात. लहान ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना व्होल्टेज आणखी चढतं. त्यात घरातली लाइन रात्री २५० च्या पुढे गेली तर १९ व्होल्टसुद्धा होऊ शकतात. साध्या टीडीए २०३० ची मर्यादा अधिक-उणे १८. चिप रात्रीतून गेली म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे कारण असू शकतं, म्हणून आम्ही अधिक-उणे २२ व्होल्ट सोसणारी 'ए' आवृत्ती (टीडीए २०३०ए) देतो. एलएम १८७५ ला १८-०-१८ चालतो.

जोडताना

टीडीए २०३० आणि एलएम १८७५ च्या पाठीचा धातू उण्या सप्लायला जोडलेला असतो. अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकचा बुश न लावता डाव्या-उजव्या बाजूच्या दोन्ही चिपा हीटसिंकवर आवळल्या आणि हीटसिंक डब्याला टेकला, की सरळ शॉर्ट. आवळून झाल्यावर मल्टिमीटरच्या बझरवर तपासा, वाजता कामा नये. किटबरोबर अंगठ्याएवढा हीटसिंक आला असेल तर तो बाजूला ठेवा. अधिक-उणे १६ व्होल्टवर, आठ ओहमला, एकेक चिप साडेसहा वॅटपर्यंत उष्णता टाकते. अर्धा तास वाजल्यावर हीटसिंकवर बोट काही सेकंद टेकवता आलं पाहिजे. अॅल्युमिनियमचा जाड तुकडा उद्यमनगरात कापून मिळतो, दिसायला साधा पण कामाला चोख.

आउटपुटजवळचा एक ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 'कशाला हवा' म्हणून गाळू नका. ही जोडी नसली तर चिप कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच डोलू लागते. गाणं न लावताच चिप तापली तर पहिला संशय इथं घ्या.

पहिल्यांदा चालू करताना फेजमध्ये ६० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर बंद करा आणि शॉर्ट शोधा. मग स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडा. व्होल्टमध्ये आकडा आला तर स्पीकर जोडू नका, त्याची कॉइल जळेल.

हमिंग, 'स्स्स' आणि एका बाजूला झुकणारा आवाज

चांगलं किट आणि नुसतं वाजणारं किट यांतला फरक इथं कळतो. रात्री पंखा बंद करा, गाणं न लावता कान स्पीकरजवळ न्या.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही हमिंग येत असेल तर दोष सप्लायमध्ये किंवा ग्राउंडच्या वायरिंगमध्ये. जाडसर, करकरीत आवाज बहुधा १०० हर्ट्झचा : फिल्टर कपॅसिटर, नाहीतर स्पीकरचा आणि इनपुटचा ग्राउंड एकाच पातळ वायरीवरून नेलेला. सगळे ग्राउंड एका बिंदूवर आणले की तो बहुतेक जातो. मऊ ५० हर्ट्झचा आवाज असेल तर ट्रान्सफॉर्मर हातात धरून थोडा फिरवून किंवा लांब नेऊन बघा (प्राथमिक, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी नीट झाकलेली हवी). नॉब मध्यावर आल्यावर हमिंग वाढत असेल तर इनपुटला शील्डेड (भोवती तारेची जाळी असलेली) वायर वापरा आणि पॉटची (नॉबखालच्या व्हॉल्यूम रेझिस्टरची) धातूची टोपी ग्राउंड करा. कॉम्प्युटरची वायर काढताच हमिंग थांबलं तर तो दोन अर्थिंगमधला लूप, म्हणजे दोन्ही उपकरणं अर्थिंगला जोडल्यामुळे झालेलं बंद वर्तुळ. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून खात्री करा. लूप घालवायला अर्थिंगची पिन मात्र कापू नका. लोखंडी डब्याला अर्थिंग हवंच, आणि प्राथमिक बाजूला फ्यूजही.

'स्स्स' आवाज आणि एकीकडे झुकणारा आवाज यांचं मूळ पुष्कळदा एकच असतं : गेन (इनपुट किती पट वाढतो ते) जास्त. टीडीए २०३० च्या नेहमीच्या सर्किटमध्ये २२ के (के म्हणजे हजार ओहम) आणि ६८० ओहम असे दोन रेझिस्टर असतात, म्हणजे गेन ३३ पट. आठ ओहमवर दहा वॅटला आउटपुटवर नऊ व्होल्ट लागतात, तर इनपुटला जेमतेम ०.२७ व्होल्ट. कॉम्प्युटर मात्र एक व्होल्ट किंवा जास्त देतो. मग नॉब कायम तळाशी ठेवावा लागतो, आणि दुहेरी पॉटचे दोन्ही भाग तळाशीच एकमेकांशी सर्वांत कमी जुळतात. ६८० ओहमच्या जागी एक के टाकला तर गेन २३ पटीवर येतो. याच्या फार खाली जाऊ नका, चिप अस्थिर होते. त्याहून कमी हवा असेल तर पॉटच्या आधी दोन्ही बाजूंना ४७ के टाका. टीपीए ३११६ मध्ये २०, २६, ३२ आणि ३६ डेसिबल असे चार टप्पे रेझिस्टरने ठरतात. टेबलासाठी २० किंवा २६ वर ठेवून घ्या, 'स्स्स' बराच खाली जातो.

पॉटवर इंग्रजी 'बी' छापलेलं असेल तर तो सरळ चढणारा, 'ए' असेल तर कानाच्या चालीने चढणारा. किटबरोबर बहुधा 'बी' येतो आणि पहिल्या पाव फेऱ्यातच आवाज घरभर होतो. 'ए' आम्ही बदलून देतो, फरकाची रक्कम तेवढी पडते.

ऐकून पारखताना नवं, स्वच्छ ध्वनिमुद्रण घ्या. केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रिका लावून 'किट खरखरतं' म्हणू नये, ती खरखर तबकडीची. एकट्या गळ्याचं गाणं दोन्ही स्पीकरच्या मधोमध ऐकू आलं पाहिजे. एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडली गेली असेल तर आवाज मधून निघून जातो आणि खर्जही पातळ होतो.

खर्च आणि तपासणी

ट्रान्सफॉर्मर, डबा, हीटसिंक आणि चांगली टर्मिनलं मिळून किटापेक्षा जास्त खर्च होतो. फक्त वाजवायचंच असेल आणि जोडायची हौस नसेल, तर तयार अॅम्प्लिफायर घ्या. तसं आम्ही तोंडावरही सांगतो.

जोडलेलं किट तपासायला आणताना ट्रान्सफॉर्मर, पॉट आणि वापरत असलेली वायर सोबत आणा, नुसता बोर्ड आणला तर हमिंगचं कारण सापडत नाही. बोर्डावर गरम गोंद ओतू नका, सोल्डरचे सांधे बघता येत नाहीत. आमच्याकडून घेतलेल्या किटाची तपासणी मोफत, चिप गेली असेल तर चिपची किंमत पडेल.